चौदा पौंडांतून साडेसहा औंस

मार्लिन हेल्मरने ते यंत्र बांधलं तेव्हा त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, एवढं आधी सांगून टाकलं पाहिजे.

यंत्र म्हणजे तरी काय? बहिणीकडच्या मोडीत निघालेल्या कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर. एक पट्टा, एक लहान पुली, एक मोठी पुली, म्हणजे मोटर कितीही धावली तरी वरचा दांडा आपला शांतपणे फिरेल. दांड्याला जुन्या लेथची दोन बेअरिंगं. दांड्याच्या टोकावर सांडपाण्याच्या जाड नळीचा कापलेला तुकडा, कड आतून तासलेली आणि तिच्यावर लोणच्याच्या बरणीची रबरी कडी चढवलेली. अंडं जसं अंड्याच्या पेल्यात बसतं तसा बोलिंगचा गोळा त्या कपात बसायचा. खाली चिखल-पाणी झेलायला त्याच्या बायकोची, ॲर्डिसची, टर्की भाजायची जुनी परात. सगळं प्लायवूडच्या खोक्यात, तळघरात, ड्रिल प्रेसच्या शेजारी. बटण दाबलं की गोळा जागच्या जागी फिरू लागे आणि मार्लिन त्यावर ओला पॉलिश कागद धरी. गोळा घरंगळतो त्या लाकडी लेनवरच्या तेलाने त्याला पडलेले काळपट पट्टे बघता बघता निघून जात.

बोलिंगच्या हॉलमधल्या दुकानातलं असलं यंत्र बाराही महिने बंद. त्यामुळे बुधवारच्या लीगमधल्या बायका आपापले गोळे मार्लिनकडे आणून टाकू लागल्या. त्याची बहीण व्हर्ना तिसऱ्या वर्गापासून कोणालाही नावं ठेवत आली होती. तिने यंत्राचं नाव भिंगरी ठेवलं.

"माझी मोटर, लोणचं ॲर्डिसचं, परात ॲर्डिसची. तू काय लावलंस रे त्यात?" ती म्हणाली.

"डोकं," मार्लिन म्हणाला.

"तरीच हलतंय."

ते खरंच थोडं हलत होतं. मार्लिनने पुढचे तीन दिवस त्या हलण्यात घालवले आणि कपाच्या कडेचा दोन थाऊंचा फरक काढून टाकला. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पंपांच्या कारखान्याच्या टूलरूममध्ये एकेचाळीस वर्षं काढलेल्या माणसाला दोन थाऊ म्हणजे बुटातला खडा. त्याच्या डाव्या तर्जनीचं वरचं पेर त्याच कारखान्यात गेलं होतं, पण त्याबद्दल तो कधी बोलला नाही. बोलायचा तो मापांबद्दल. स्वतःच्या लग्नात केकला पाणसळ लावून पाहिली म्हणून व्हर्ना अजून त्याला छळते. तो म्हणतो, केकला नाही, टेबलाला लावली होती.

ॲर्डिस त्याच्या अगदी उलट. शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं तिने हाताच्या अंदाजाने सूप केलं. दंड असे की उकळता टोप एकटी उतरवायची. बाकीच्या बायका दहा-बारा पौंडांचा गोळा टाकत, ही चौदाचा. वाइनच्या रंगाचा गर्द लाल गोळा, बोटांच्या भोकांच्या वर कोरलेलं तिचं नाव, भोकं तिच्याच पंजाचं माप घेऊन पाडलेली. सॉसेजच्या दुकानाने व्हर्नाच्या संघाला दिलेला मरून शर्ट घालून ती एकतीस वर्षं दर बुधवारी दुपारी एक वाजता त्या हॉलमध्ये उभी राहिली. बाळंतपणाचे दोन बुधवार चुकले. धाकट्याच्या वेळचा तिसराही चुकायचा होता, पण तिने चुकवला नाही.

गेल्या वसंतात तिच्या उजव्या हातातून गोष्टी पडू लागल्या. आधी चमचा, मग कॉफीचं भांडं. मिल्वॉकीच्या डॉक्टरांनी सुया टोचून, तारा लावून तपासलं आणि सांगितलं की स्नायू हळूहळू सुकत जातील, हाताचे आधी, मग बाकीचे. किती हळूहळू, असं मार्लिनने विचारलं. त्याला आकडा हवा होता. डॉक्टर म्हणाले, प्रत्येकाचं वेगळं असतं.

परतताना गाडीत ॲर्डिस म्हणाली, "हे बघ, माझं ठरलंय. जोवर माझा चौदाचा गोळा मला टाकता येतो, तोवर मी टाकणार. ज्या बुधवारी टाकता येणार नाही त्या बुधवारी शर्ट काढून ठेवणार. हलका गोळा घेणार नाही."

"हलका घ्यायला काय हरकत आहे? व्हर्ना बाराचा टाकते."

"व्हर्नाला काही झालेलं नाही. मार्लिन, मला एक तरी खरं माप पाहिजे. डॉक्टरकडे नाहीये. तो गोळा म्हणजे माझं माप."

हे त्याला फार पटलं. इतकं पटलं की त्याने गाडीचा वेग कमी केला.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या बुधवारी मागच्या बाकावर कॉफी घेऊन बसलेल्या मार्लिनला दिसलं की ॲर्डिस परत आलेला गोळा मांडणीवरून दोन्ही हातांनी उचलते आहे. आजवर ती तो एका हाताने, शेजारणीशी बोलता बोलता, बटाटा उचलावा तसा उचलायची. खेळ चांगला झाला. कोणाच्या लक्षातही आलं नाही. मार्लिनने मात्र ते पाहिलं, आणि घरी जाऊन तो तळघरात नुसताच बसून राहिला. त्या तळघरात तीस वर्षांत जमवलेलं एकूण एक हत्यार भिंतीवर आपापल्या जागी होतं. त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं.

मग त्याची नजर भिंगरीवर गेली.

हिशेब सोपा होता. लीगच्या नियमाने गोळा व्यासाने साडेआठ इंचांहून लहान चालत नाही. ॲर्डिसचा त्याहून नव्वद थाऊ मोठा भरला. पाच थाऊ सुरक्षेला सोडले तर पंच्याऐंशी थाऊंची साल निघू शकत होती. डोळ्याला कळणार नाही, हाताला कळणार नाही. त्याने कागदावर गोळ्याचं घनफळ मांडलं: सहा, फार तर साडेसहा औंस. चौदा पौंडांत साडेसहा औंस म्हणजे मोठी गोष्ट नाही. पण दर रविवारी पाच थाऊ काढले तर सतरा रविवार होतील. तिचा हात जितका उतरेल तितका गोळा उतरेल. निदान काही काळ.

टूलरूममध्ये एक नियम कोणी लिहून ठेवलेला नव्हता, पण सगळ्यांना ठाऊक होता. कामाचा तुकडा मापात बसेना तर तुकडा पुन्हा करायचा, मापाच्या गेजला कानस लावायची नाही. मूळ पोलंडच्या एका माणसाने एकदा ती लावली होती. त्याच्याशी नंतर कोणी जेवायच्या सुट्टीत बोललं नाही. मार्लिनही बोलला नव्हता.

रविवारी चर्चहून आल्यावर त्याने ॲर्डिसला सांगितलं, "तुझा गोळा खाली न्यावा म्हणतो. तेल फार प्यायलाय."

"नेतोस तर ने. विचारतोस काय?"

त्याने सगळ्यांत खरबरीत कागद लावला. गर्द लाल पाणी परातीत उतरलं. पाच थाऊ व्हायला पाऊण तास लागला. मग बारीक कागद, त्याहून बारीक, शेवटी पॉलिश. साल गेली की भोकांच्या कडा धारदार होतात आणि अंगठा कापतात. त्या त्याने तिच्या अंगठ्याची आठवण ठेवून हाताने पुन्हा गोल केल्या. नाव उथळ होत गेलं तसतसा तो सुईच्या टोकाने एकेक अक्षर पुन्हा खोल करी. ए, आर, डी, आय, एस. इतकं सफाईदार काम त्याने कारखान्यातही केलं नव्हतं, आणि ते कोणाला दाखवता येणार नव्हतं.

नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. ॲर्डिसला कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरावा लागू लागला, कोटाची बटणं मार्लिन लावू लागला, पण बुधवारी गोळा उचलला जात होता.

"हल्ली छान सरकतो हं माझा गोळा," ती म्हणाली. "तुझ्या भिंगरीत गुण आहे."

व्हर्ना तर सरळच म्हणाली, "ए बाई, आजार तुला झालाय की आम्हाला? एका डावात एकशे सत्तर गुण? या वयात? लाज वाटू दे जरा."

"तू पण दे तुझा गोळा मार्लिनकडे."

"माझा गोळा बरा आहे गं. टाकणारी बिघडलीये."

ॲर्डिस हसली, खूप दिवसांनी तोंड उघडून हसली. मागे बाकावर मार्लिनने मान खाली घातली आणि कॉफीत बघितलं. त्याला सुख होत होतं, आणि त्या सुखाखाली दातात अडकल्यासारखं काहीतरी होतं.

जानेवारीत लेनच्या टोकाच्या पिना न पडता उभ्याच राहू लागल्या.

गोळा बरोबर जागी जायचा. पहिल्या पिनेच्या जरासा उजवीकडे, जिथे गेल्यावर दहाच्या दहा आडव्या व्हायला हव्यात. आवाजही बरोबर यायचा. आणि खडखडाट थांबल्यावर मधली पाचवी पिन तशीच उभी. एकदा, दोनदा, एका दुपारी सहा वेळा. ॲर्डिस रेषेवर उभी राहून त्या पिनेकडे बघत राही, मग आपल्या हाताकडे बघे.

"नशीब," व्हर्ना म्हणाली.

"सहा वेळा नशीब नसतं. टाकण्यात जोरच नाहीये. गोळा जातोय, पण मागे मी नाही."

मार्लिनला कळायला आणखी एक बुधवार लागला. त्याने गोळा नीट पाहिला. जड गोळा पिनांतून नांगरासारखा सरळ जातो. हा पहिल्या पिनेला लागून बाजूला सरकत होता, गर्दीत धक्का लागल्यावर आपणच माफी मागून वाट देणाऱ्या माणसासारखा. तोवर साडेचार औंस गेले होते. एकेचाळीस वर्षं त्याने एकमेकांत बसणाऱ्या वस्तू केल्या होत्या. जाऊन आदळायचं असतं अशी वस्तू त्याने कधी केली नव्हती. व्यास, घनफळ, वजन, सगळं मांडलं होतं. पिना मांडायच्या राहिल्या.

मग तो थांबला. दोन रविवार त्याने गोळा खाली नेला नाही. दुसऱ्या बुधवारी तिसऱ्या डावात ॲर्डिसचं मनगट वाकलं आणि गोळा तिच्या पायापासून चार बोटांवर पडला. तिने हसून वेळ मारून नेली. तिसऱ्या रविवारी मार्लिनने पुन्हा बटण दाबलं. साल काढली तर पिना पडत नव्हत्या, न काढली तर गोळा पडत होता. मधे तिसरी जागा नव्हती. तो शोधत मात्र होता. गोळा फिरत असताना, हात ओल्या कागदावर, तो ती जागा शोधत असे.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी मायक्रोमीटर साडेआठ इंच पाच थाऊवर येऊन टेकला. काढण्यासारखं काही उरलं नाही.

त्या शुक्रवारी दोघं चर्चच्या तळघरातल्या मासेजेवणातून घरी आली. पर्च माशाचे तुकडे मार्लिनने तिला कापून दिले होते. कोट काढता काढता ॲर्डिस म्हणाली, "येत्या बुधवारी त्यांना सांगून टाकते."

"काय?"

"की बास झालं. व्हर्नाने संघाला दुसरी कोणी बघावी. परवा मी एकशे एक केले, मार्लिन. एकशे एक. मधली पिन माझ्याकडे बघून हसते."

"पण गोळा उचलता येतोय की तुला. तूच म्हणाली होतीस, जोवर टाकता येतो..."

"उचलता येतोय. म्हणून तर. पडायच्या आधी सोडते. त्यात काहीतरी आहे. पिनांनी सांगितलं, मी ऐकलं."

इथे मार्लिनने सांगायला नको होतं, किंवा ऑक्टोबरातच सांगायला हवं होतं. पण त्या क्षणी त्याला वाटलं की पिनांचा दोष तिचा नाही हे तिला कळलं तर ती राहील. एवढंच वाटलं. पुढचं पाऊल त्याच्या ध्यानात आलं नाही.

"पिनांचं कारण तू नाहीस," तो म्हणाला. "गोळा हलका झालाय. मी केलाय. भिंगरीवर. साडेसहा औंस."

ॲर्डिस कोटाची एक बाही काढलेली, एक तशीच, अशी उभी राहिली.

"कधी?"

"ऑक्टोबरपासून. दर रविवारी थोडा थोडा."

"म्हणजे तेल नव्हतं."

"तेलही होतं."

ती खुर्चीवर बसली. बाहेर शेजारचा माणूस बर्फ ओढत होता, फावड्याचा आवाज येत होता.

"मग मला काय उचलता येतं?" तिने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मार्लिनला सोपं गेलं असतं.

"तेरा पौंड साडेनऊ औंस. आज."

"मी चौदाचं विचारतेय."

तो खिशात पेन्सिल शोधू लागला.

"तुलाही ठाऊक नाही," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी दहाला हॉल उघडतो. आत कोणी नव्हतं. मालक युजीन काउंटरमागे बटाट्याच्या चकत्यांची खोकी उघडत होता. "काय गं ॲर्डिस, बुधवार चुकून शनिवारी आला का?" तो म्हणाला. तिने हात हलवला आणि सरळ हॉलच्या गोळ्यांच्या मांडणीकडे गेली. काळ्या गोळ्यांवर पांढरे आकडे होते. चौदाचा तिने स्वतः शोधला. मार्लिन पुढे झाला तसं तिने मान हलवली.

"आणि भोकांचं कारण सांगू नकोस मला. माझ्या मापाची नाहीत हे मला दिसतंय."

तो नेमकं तेच सांगणार होता.

दोन्ही हातांनी तिने गोळा छातीशी घेतला. बोटं घातली. रेषेपासून चार पावलं मागे उभी राहिली, एकतीस वर्षं राहत होती तशी, डावा पाय थोडा पुढे. पहिलं पाऊल बरोबर पडलं. दुसऱ्याला हात मागे जायला हवा होता. हात मागे गेला नाही. तो खाली आला, आणि तिसऱ्या पावलावर गोळा तिच्या बोटांतून सुटून रेषेच्या अलीकडे फळीवर आदळला. युजीनने मान वर केली.

गोळा थांबला नाही, हेच वाईट झालं. इतका हळू की त्याच्यावरचा पांढरा चौदा प्रत्येक फेरीला वाचता यावा, असा तो लेनवरून निघाला. तिघंही बघत राहिली. बघण्याशिवाय दुसरं काही करता येत नव्हतं. अर्ध्यावर जाऊन तो डावीकडे कलला आणि लेनच्या कडेच्या पन्हळीत उतरला. बराच वेळाने मागे कुठेतरी पडदा हलल्याचा आवाज आला. दहाही पिना जागच्या जागी होत्या.

"एकदा सोडून दे गं," युजीन म्हणाला. "थंड हाताने होतं असं. पुन्हा टाक."

"नको. झालं माझं काम," ती म्हणाली, आणि बाकावर बसून तिने पाय पुढे केले. मार्लिनने खाली बसून तिच्या खेळायच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. गाठ घट्ट होती, सुटत नव्हती. तिने घाई केली नाही.

गाडीत तिने उजवा हात मांडीवर ठेवला होता आणि डाव्याने तो झाकला होता. सरोवराच्या कडेने रस्ता जातो तिथे पाणी काठापासून दूरवर गोठलेलं होतं.

"मी केक करणार होते," ती म्हणाली. "तुला सांगितलं नव्हतं. ज्या बुधवारी टाकता येणार नाही त्या बुधवारी. तिथल्या तिथे शर्ट काढायचा, व्हर्नाला द्यायचा आणि सगळ्यांनी केक खायचा. रडायचं असेल त्यांनी रडायचं. खारीक घातलेला केक. तेवढं मला नीट करायचं होतं." ती मार्लिनकडे वळली. "तो दिवस होऊन गेला ना?"

मार्लिनने रस्त्यावरची नजर काढली नाही.

"नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधी होता का? तेव्हा चौदाचा गेला असता?"

"गेला असता वाटतं."

"ख्रिसमसच्या आठवड्यात? एकशे सत्तर केले तेव्हा?"

"ठाऊक नाही."

"तेव्हा किती औंस गेले होते?"

"साडेतीन. जवळजवळ चार."

"चार औंसांनी फरक पडतो?"

"ठाऊक नाही, आर्डी."

"मनगट वाकलं त्या दिवशी?"

त्या बुधवारचा आकडा त्याला पाठ होता, सगळ्या बुधवारांचे पाठ होते. गोळ्याचं वजन त्याला पाव औंसापर्यंत सांगता आलं असतं. तिच्या हाताचं कुठल्याच दिवसाचं सांगता येत नव्हतं, आणि आता ते कधी कुणालाच सांगता येणार नव्हतं. तिच्याकडे एकच माप होतं.

चौकातला दिवा लाल झाला. मार्लिन थांबला. त्याला वाटलं, हिला काहीतरी दिलं पाहिजे, एखादी तारीख, कुठलीही.

"ख्रिसमसला गेला असता," तो म्हणाला. "नक्की गेला असता. एकशे सत्तर तुझेच होते."

ॲर्डिसने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. दुकानात काट्यावर आकडा येतो तेव्हा काट्याकडे बघतात तसं पाहिलं.

"आता तू असं म्हणालास तर मी काय करू त्याचं?" ती म्हणाली.

दिवा हिरवा झाला. मागच्या गाडीने भोंगा वाजवला, मग पुन्हा वाजवला.

"चल," ॲर्डिस म्हणाली. "लोक खोळंबलेत."